चारबागची वाट आणि जुन्या मोटारीची जाळी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. मंडळाची स्थापना, गणेशोत्सवाच्या आठवणी, नाटकांच्या तालमी यांविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. आम्ही मात्र या मंगल प्रसंगी एका अगदी सामान्य वस्तूविषयी लिहिण्याचे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे जुन्या मोटारीच्या तोंडावर, रेडिएटरच्या पुढे बसविलेली तारेची जाळी. हा विषय ऐकून काही वाचकांना हसू येईल. परंतु लखनौच्या चारबागेपाशी सुरू होणारी ही कथा लोकमान्य टिळक, बॅरिस्टर जयकर आणि नागपूर या वळणांवरून जाते आणि अखेरीस आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दाराशी येऊन थांबते. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

चारबागचे प्रवेशद्वार

नोकरीचाकरीच्या निमित्ताने उत्तरेकडे गेलेल्या मराठी माणसाला लखनौचे पहिले दर्शन घडते ते बहुधा चारबाग स्टेशनावरच. चारबाग म्हणजे पाण्याच्या पाटांनी अगर वाटांनी चार भागांत विभागलेली फारसी धाटणीची बाग. नबाबी काळातील अशा एका बागेवरून या भागाला हे नाव पडले. आजच्या भव्य स्टेशनाची कोनशिला मार्च १९१४ मध्ये बसली आणि इमारत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पुरी झाली. तिचे घुमट आणि मनोरे दुरून पाहिले असता बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्या मांडून ठेवल्या आहेत असा भास होतो. कानपूरहून येणारा रस्ता आलमबागेवरून याच चारबागेशी येतो. १८५७ च्या सप्टेंबरात हॅवलॉकची फौज याच वाटेने आली आणि येथील कालव्यावरील पुलासाठी निकराची लढाई झाली. पुढे याच वाटेने एक्के आले, टांगे आले आणि यथावकाश मोटारीही आल्या.

येथे उतरलेल्या मराठी माणसांची परंपराही लहान नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनौत संगीताचे महाविद्यालय उभे केले. आज ती संस्था त्यांच्याच नावाचे विद्यापीठ झाली आहे. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी या महाविद्यालयाची धुरा दीर्घकाळ वाहिली. परंतु आमच्या आजच्या विषयाशी ज्यांचा संबंध आहे, ते पाहुणे भातखंड्यांच्या महाविद्यालयापूर्वी दहा वर्षे या स्टेशनावर उतरले होते.

लोकमान्यांची मोटार

१९१६ सालच्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन लखनौस भरले. सुरतेच्या फुटीनंतर नऊ वर्षांनी जहाल आणि मवाळ एका मांडवात येत होते आणि मंडालेहून सुटून आलेले लोकमान्य टिळक या अधिवेशनासाठी आगगाडीने येथे आले. त्या दिवशी स्टेशनावर जे घडले त्याची हकीकत शहाजहानपूरचे एक तरुण, रामप्रसाद बिस्मिल, यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. पुढे काकोरी प्रकरणी १९२७ च्या डिसेंबरात फाशी गेलेले क्रांतिकारक ते हेच.

स्वागत मंडळींपैकी मवाळांचा बेत असा होता की, सत्कार स्टेशनावरच उरकावा आणि शहरातून मिरवणूक न काढता लोकमान्यांना मोटारीने मुक्कामी न्यावे. तरुणांना हे रुचले नाही. लोकमान्य मोटारीत बसताच बिस्मिल आणि एक विद्यार्थी मोटारीपुढे आडवे झाले. समजावणी झाली, विनवणी झाली. बिस्मिल रडत राहिले आणि मोटार आमच्या अंगावरून न्या, एवढेच म्हणत राहिले. तेवढ्यात कोणा तरुणाने मोटारीचे टायरच कापून टाकले! मग भाड्याची एक घोडागाडी आणली गेली, तिचे घोडे सोडले गेले, लोकमान्यांना तीत बसविण्यात आले आणि तरुणांनी ती गाडी स्वतः ओढीत शहरातून नेली.

मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या प्रसंगाकडे लक्ष द्यावयास हवे, असे आम्हांस वाटते. मोटारीच्या रक्षणासाठी माणसाने नाना उपाय योजिले. परंतु प्रेमाने वेड्या झालेल्या जमावापासून तिचे रक्षण करील अशी जाळी अद्याप कोणी विणलेली नाही. बाकीचे शत्रू मात्र रस्त्यावर पडलेले होते आणि त्यांचा बंदोबस्त करणे शक्य होते. त्यांकडे आता वळू.

मोटारीचे नाजूक तोंड

इंजिनात पेट्रोल जळते, त्या उष्णतेतील काही भागच गाडी ओढण्याच्या कामी येतो. काही धुराबरोबर जाते आणि उरलेली बाहेर काढली नाही तर धातू फुगून दट्ट्या नळकांड्यात अडकून बसतो. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवितात आणि ते पाणी थंड करण्यासाठी पुढे रेडिएटर ठेवितात. आरंभीच्या मोटारींत नुसत्या वेटोळ्याच्या नळ्या असत आणि पाणी सतत उकळून जाई. जर्मनीतील विल्हेल्म मायबाख या कल्पक यंत्रज्ञाने मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला, तेव्हा हा प्रश्न सुटला. १९०१ सालच्या मर्सिडीस गाडीच्या या पोळ्यात ६ मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि नळ्यांच्या फटींतून पाणी फिरे. अवघ्या ९ लिटर पाण्यावर काम भागे.

हे पोळे पितळेच्या अगर तांब्याच्या पातळ पत्र्याचे, डाख देऊन जोडलेले. पत्रा पातळ असावाच लागतो, कारण जाड पत्र्याने वजन वाढते आणि उष्णता हवेला देण्यासाठी लागणारे पृष्ठ कमी होते. म्हणजे मोटारीचा सर्वांत कोवळा अवयव तिच्या सर्वांत पुढे, वाऱ्याच्या आणि दगडांच्या तोंडी उभा राहिला. माणसाने छातीऐवजी फुप्फुसे पुढे करून लढाईस जावे, तसाच हा प्रकार होता.

त्यातून जुन्या गाडीची आणखी एक अडचण अशी. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ गाडीत, अगदी आरंभीच्या काही गाड्या सोडल्यास, पाणी फिरविण्यास पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे, वरच्या नळीने रेडिएटरच्या माथ्यावरील टाकीत येई, थंड होऊन खाली उतरे आणि पुन्हा इंजिनात शिरे. आपल्या घरच्या तांब्याच्या बंबात तापलेले पाणी वर येते, तोच हा न्याय. ही व्यवस्था साधी आणि सुंदर खरी. पण पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली, की फेराच थांबतो. एका बारीक खड्याने पाडलेले टाचणीच्या डोक्याएवढे भोकसुद्धा मैल-दोन मैलांत हा प्रसंग आणू शकते. त्या काळच्या कित्येक गाड्यांच्या रेडिएटरच्या टोपणावरच उष्णतामापक बसविलेला असे. चालकाची एक नजर रस्त्यावर आणि दुसरी त्या पाऱ्यावर असावी लागे.

कंकराचा रस्ता

आता रस्त्याकडे पाहू. महाराष्ट्रात सह्याद्रीचा काळा कठीण दगड मुबलक. त्याची खडी फोडून, मुरूम पसरून आणि रोलर फिरवून केलेला रस्ता आपल्या वडीलधाऱ्यांच्या परिचयाचा. गंगेच्या सपाट प्रदेशात मात्र मैलोगणती चालले तरी हाती धरण्यास दगड सापडत नाही. तेथील जमिनीखाली चुनखडीचे वेडेवाकडे गाठाळ खडे सापडतात, त्यांना कंकर म्हणतात. ते खणून काढून, पसरून, पाणी शिंपडून आणि दुरमुसाने ठोकून अवधचे पक्के रस्ते होत. कंकर ओला असेतोवर घट्ट बसे. उन्हाळ्यात तो सुटे, चाकांखाली फुटे आणि त्याची पांढरी धूळ उडे. त्यात वैशाखातील लू वाहू लागली, की धुळीबरोबर खळ्यावरचा भुसा उडे. पावसाळ्याच्या तोंडाशी संध्याकाळी किड्यांचे थवे दिव्यांवर येत. हिवाळ्यात उसाच्या गाड्यांतून पाचट सांडे. हे सर्व रेडिएटरच्या पोळ्यात जाऊन अडके.

येथे इतिहासातील एक मौज सांगितली पाहिजे. मॅकॅडमच्या पद्धतीने बांधलेल्या खडीच्या रस्त्यांना बैलगाडीची लोखंडी धाव एका परीने उपकारकच होती. ती दगड दाबी आणि त्यांचा जो भुगा होई तोच फटींत बसून रस्ता बांधून ठेवी. मोटारीच्या वेगवान रबरी चाकांनी मात्र हा भुगा शोषून वर उडविला आणि खडी मोकळी करून टाकली. म्हणजे ज्या दगडाने मोटारीचे तोंड फुटे, तो दगड मोटारीनेच रस्त्यातून उपटलेला असे! युरोपातही या धुळीने लोक इतके त्रासले, की १९०८ साली पॅरिसला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय रस्ते परिषदेत हा एक मुख्य विषय होता.

हे दगड उडतात तरी कोठून? आपल्या गाडीची पुढची चाके खडा उडवितात, तो बहुतांशी मागे, मडगार्डावर अगर गाडीच्या पोटाखाली जातो. रेडिएटरवर येणारा खडा पुढे चाललेल्या गाडीचा अगर समोरून येणाऱ्या गाडीचा असतो. खडा आणि रेडिएटर एकमेकांवर ज्या वेगाने येतात तो दुप्पट झाला, की घावाचा जोर चौपट होतो. म्हणून रस्त्यावर एकटीदुकटी मोटार होती आणि ती घोड्याच्या चालीने चाले, तोवर हे भय बेताचे होते. मोटारी वाढल्या, वेग वाढला, तसा प्रश्न तीव्र झाला. शर्यतींत तो विशेष उघड झाला. फ्रान्समधील ल माँ येथे १९२३ साली चोवीस तासांची पहिली शर्यत झाली, तेव्हा मार्गावर सुटी खडी होती. एका बेंटली गाडीचा पुढचा दिवा दगडाने फुटला आणि पेट्रोलच्या टाकीलाही दगडाने भोक पडले. पुढच्या वर्षी दिव्यांवर जाळ्या चढवून आणि टाकीस संरक्षण करून ती मंडळी परत आली आणि शर्यत जिंकून गेली. त्यानंतरच्या वर्षांत रेडिएटरपुढची दगडजाळी ही शर्यतीच्या गाडीची ओळखच होऊन बसली.

जाळीचे शास्त्र

वाचकांपैकी ज्येष्ठांना आपल्या घरचे जाळीचे कपाट आठवत असेल. दूधदुभते आणि उरलेसुरले अन्न त्यात ठेवीत. दार लाकडाचे केले असते तर मांजर राहिलेच असते बाहेर, पण आतले अन्न उबून गेले असते. दुधाला वारा लागला पाहिजे आणि मांजर लागता कामा नये, हे त्या जाळीचे सगळे शास्त्र. रेडिएटरच्या जाळीचेही तेच आहे.

थोडा हिशेब करून पाहू. १ मिलिमीटर जाडीची तार आणि १० मिलिमीटरचे भोक अशी जाळी घेतली, तर वाऱ्यास सुमारे ८३ टक्के जागा मोकळी राहते. त्याच तारेत भोक ५ मिलिमीटरचे केले, तर मोकळी जागा सुमारे ६९ टक्क्यांवर येते. पहिली जाळी मोठा खडा अडविते, पण वाटाण्याएवढा आत सोडते. दुसरी वाटाणा अडविते, पण वाऱ्याचाही अधिक भाग अडविते. आणि कोणी अतिकाळजीपोटी डासांची जाळी लाविली, तर खडे, किडे, भुसा सर्व अडते खरे. पण तासाभरात तिच्यावर किड्यांचा आणि भुशाचा थर बसून वाराच बंद होतो आणि रक्षणासाठी लाविलेली जाळीच इंजिनाचा घात करते. दगडाने रेडिएटर फुटला तर निदान पाणी गळताना दिसते. जाळी तुंबली तर काहीच गळत नाही, गाडी आतल्या आत तापत जाते.

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांनी अनुभवाने काही नेम ठरविले आहेत. जाळी पोळ्याला टेकवू नये. बोट-दीड बोट अंतर ठेवावे, म्हणजे दगडाच्या घावाने जाळी आत दबली तरी पोळ्यास लागत नाही आणि तारांमधून आलेला वाराही सर्वत्र पसरतो. पोळ्यातून तार ओवून जाळी कधीही बांधू नये. ती गाडीच्या हादऱ्याने पत्रा कापीत जाते. जाळीस स्वतंत्र चौकट करावी आणि चौकटीखाली चामड्याची अगर नमद्याची पट्टी द्यावी, म्हणजे बाहेरच्या कवचाचा मुलामा घासत नाही. मूळ गाडीस नवे भोक पाडू नये. प्रवास संपल्यावर जाळी काढून झटकावी आणि पोळे इंजिनाच्या बाजूने बेताच्या धारेने धुवावे, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने परत जातो. पुढून जोराची धार मारली तर तो आणखी आत बसतो आणि नाजूक पाती वाकतात. आणि या सर्वांहून सोपा नेम असा, की पुढच्या गाडीपासून अंतर राखावे. एवढा एक नेम पाळला, तरी जाळीचे निम्मे काम हलके होते.

जयकर आणि नागपूर

मोटारीच्या तोंडाला जाळी बांधणे हा एक उपाय झाला; रस्ताच सुधारणे हा दुसरा. या दुसऱ्या उपायाच्या इतिहासात दोन मराठी नावे अग्रभागी आहेत, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसावे. हिंदुस्थान सरकारने १९२७ साली रस्तेविकासाची समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव रामराव जयकर. तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्यांचे काम प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऐपतीपलीकडे गेले आहे, राष्ट्राने त्याचा भार उचलावा, असा अभिप्राय या समितीने १९२८ मध्ये दिला. त्यानुसार १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसून रस्तेनिधी उभा राहिला. ज्या मोटारीने खडी उपटली, तिनेच ती बसविण्याचा खर्च द्यावा, असा हा न्याय होता. पुढे १९३४ च्या डिसेंबरात इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निघाली. दुसरे नाव नागपूरचे. १९४३ च्या डिसेंबरात प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते तेथे जमले आणि देशाच्या रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा त्यांनी आखला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हामार्ग, ग्राममार्ग ही जी उतरंड आज आपल्या बोलण्यात रुळली आहे, ती या नागपूर योजनेत मांडलेली आहे.

डांबर आले, कंकर गेला. इकडे मोटारीचेही रूप पालटले. १९३० नंतरच्या दशकात रेडिएटर आत सरकला आणि त्याच्यापुढे शोभेची जाळी आली. पुढे पंप आले, दाबाची टोपणे आली. दगडजाळीची गरज ओसरली आणि ती अडगळीत गेली.

आजची गोष्ट

मग आज तिचा विषय कशाला? कारण जुन्या मोटारी अजून आपल्यात आहेत. लखनौसह अनेक शहरांत त्यांचे मेळावे भरतात. भारत सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद होते. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच त्यांना रस्त्यावर मुभा आहे. पण ज्या दिवशी ती म्हातारी गाडी चारबागेवरून आलमबागेकडे निघते, त्या दिवशी तिच्यापुढे एक्का नसतो. वाळू आणि गिट्टी भरलेला ट्रक असतो. रस्ता गुळगुळीत झाला, तशी त्यावरून जाणाऱ्यांची गतीही वाढली. आणि फुटलेले जुने पोळे पुन्हा मिळत नाही. नवे बसविता येते, गाडी चालतेही. पण तिच्या तोंडावरचे मूळ विणकाम गेलेले असते. जाणकार माणूस ते पाहून काही बोलत नाही, नुसती मान हलवितो.

म्हणूनच काही मालक गाडी काचेच्या दालनात उभी करून ठेवितात. तिला खडा लागत नाही, हे खरे. पण पाणी न फिरता पडून राहिले की पत्र्यास गंज आणि क्षार धरतात, रबर कडक होते, आणि दहा वर्षांनी ती गाडी दगडावाचूनच निकामी झालेली असते. आम्हांस विचाराल तर गाडी रस्त्यावर आणावी आणि बेताची जाळी लावून आणावी.

आता संपादकांनी दिलेली जागा संपत आली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी आपले मंडळ स्थापिले, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. घरात मराठी, दाराबाहेर दुसरी भाषा; मुलांच्या शाळा वेगळ्या, शेजारपाजार वेगळा. काहींना वाटे, मुलांना बाहेरचा वाराच लागू देऊ नये. काहींना वाटे, काळ बदलला, आता आडोसा कशास हवा. या दोन्ही टोकांना न जाता आपल्या वडीलधाऱ्यांनी वर्षातून चार सण, एक ग्रंथालय, एक नाटक, संक्रांतीचा तिळगूळ एवढ्याच तारांची जाळी विणली. तिच्या भोकांतून परप्रांताचा वारा आत येत राहिला. त्याच वाऱ्याने आपल्या ताटांत नवे पदार्थ आले, मुलांच्या तोंडी नवे शब्द आले, घरांत सुनाजावई आले.

मात्र जाळी झटकावी लागते, हे विसरून चालणार नाही. पन्नास वर्षांत तिच्यावरही थोडा थर बसलाच असेल; जुने मानापमान, ठरलेले कार्यक्रम, ठरलेली माणसे. या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तो थर आपण हलक्या हाताने झटकावा आणि आता ही जाळी पुढच्या पिढीच्या हाती द्यावी. तिच्या तारा किती जाड असाव्यात आणि भोके किती मोठी, हे त्यांच्या वाटेवरचे दगड पाहून त्यांनीच ठरवावे. गाडी चालती राहावी, एवढीच आमची इच्छा आहे.